टेबलावरची लढाई

‘युद्ध म्हणजे काय खेळ वाटतो तुला?’ माझे इंचभर उंचीचे सैनिक पाहिले, की फौजेतून रिटायर झालेले बाबा भडकायचे. चूक नव्हतं त्यांचं. पण मग डोनाल्ड फेदरस्टोनचं काय? दुसऱ्या महायुद्धात हा ब्रिटिश माणूस रॉयल टँक रेजिमेंटमध्ये होता. नंतर पेशाने फिजिओथेरपिस्ट. दिवसा लोकांचे दुखरे गुडघे-खांदे बरे करायचे आणि फावल्या वेळात फासे, फूटपट्टी घेऊन टेबलावर लढाया! १९६२मध्ये त्याचं ‘वॉर गेम्स’ आलं आणि ब्रिटनमधल्या कित्येकांना हा नाद लागला. (मला लागला तो त्यांच्याच कृपेने.) २०१३मध्ये तो गेला, ९५व्या वर्षी.

परवा हे सगळं बाबांना सांगितलं. बराच वेळ गप्प. मग चष्मा लावून एक सैनिक उचलला.

‘रायफल चुकीच्या खांद्यावर आहे याची.’