मुंबईतला शेवटचा दिवस

मे 2016 मध्ये लातूरहून आम्ही मुलांसह मुंबईला ताईकडे सुट्टीला गेलो होतो. एप्रिलपासून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. पहिल्या गाडीने दहा वॅगनमधून सुमारे 5 लाख लिटर आणले. घरी एका बादलीत चौघे भागवत होतो.

शेवटच्या दिवशी सकाळी चाळीचा नळ आला आणि मुले मनसोक्त नाहली. मग चैत्यभूमीवर वंदन करून समुद्र पाहिला.

ताई म्हणाली, "दादा, शाळा उघडेपर्यंत पोरं राहू दे."

मुलगी म्हणाली, "मग आईबरोबर घागरी कोण भरणार?"

आम्ही गप्प झालो. रात्री सगळेच लातूर एक्स्प्रेसने निघालो.

बंधुभगिनींनो, मुलांना मुंबई जरूर दाखवा. पण नळाचे पाणी ही चैन नव्हे, हक्क आहे, हेही सांगा.