पितळखोऱ्याच्या वाटेवर चार मित्र

वाचकहो, शेतकऱ्याच्या घरचा प्रवास होतो तो लग्नासाठी, दवाखान्यासाठी नाहीतर देवासाठी. नुसते मित्राला भेटायला म्हणून कोणी घर सोडत नाही. म्हणून चार जुन्या मित्रांच्या दोन दिवसांच्या प्रवासाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

१९९२ साली परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन आम्ही चौघांनी वसतिगृह सोडले. एक बँकेत लागला, दुसरा बियाण्याच्या धंद्यात हैदराबादेला गेला, मी कृषी खात्यात आलो. चौथा कन्नड तालुक्यातल्या आपल्या गावी शेती करू लागला. पत्रे दोन-चार वर्षे चालली, मग थांबली. गेल्या वर्षी जालन्याच्या एका लग्नात आम्हा तिघांची गाठ पडली. चौथ्याला फोन केला, तर तो "बघू" एवढेच म्हणाला. तेव्हा ठरवले, की मुक्काम त्याच्याच शेतात टाकायचा.

दिवाळी सरल्यावर जीपमध्ये ताडपत्री, घोंगड्या, दोन पातेली आणि पाण्याचा कॅन टाकून आम्ही छत्रपती संभाजीनगरहून निघालो. दौलताबादचा रस्ता किल्ल्याच्या तटातल्या वेशीतून जातो. ही यादवांची देवगिरी. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथेच हलवली होती. किल्ल्यासमोर सीताफळाच्या टोपल्या मांडलेल्या होत्या. एक टोपली घेतली.

पुढे खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याने खडकी शहर वसवले आणि जमिनीखालच्या नहरीने तिथे पाणी आणले. तीच खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. मग वेरूळ. चौतीस लेण्यांतले कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात एकाच खडकातून वरून खाली कोरत आणले. हैदराबादचा मित्र तिथून हलेना.

संध्याकाळी कन्नडकडच्या शेतात पोहोचलो. मित्र बांधावर उभा होता. वहिनींनी बाजरीच्या भाकरी, भरीत आणि ठेचा दिला. ताडपत्री अंथरून शेकोटी पेटवली. वसतिगृहातल्या खोड्या आठवून हसणे चालले होते, पण तो मात्र गप्पच होता. रात्र बरीच झाल्यावर म्हणाला, "गड्यांनो, आल्याचा एकर गेला. पहिल्या वर्षी भाव पडला. यंदा भाद्रपदात वाफ्यात पाणी साचले आणि कंद कुजले. कर्ज डोक्यावर आहे. दोन वर्षे मी कोणाच्या लग्नाला गेलो नाही. कोणी विचारले तर काय सांगू?"

आम्ही त्याला उपदेश केला नाही. बँकेतल्या मित्राने कागद काढून कर्जाचा हिशेब लिहिला. तालुक्यात अतिवृष्टी जाहीर झाली असेल तर पीककर्जाचे पुनर्गठन मागता येते, हे त्याला समजावले. मी सांगितले, की त्या रानात दोन-तीन वर्षे आले किंवा हळद नको. पुढे आले लावशील तेव्हा गादीवाफे उंच ठेव, पाण्याला चर काढ, बेणे निरोगी रानातले घे आणि ट्रायकोडर्माची प्रक्रिया करूनच लाव. वहिनी खोपटाच्या दारात बसून ऐकत होत्या. "एवढे तर हे मलाही बोलले नव्हते," त्या म्हणाल्या. त्या रात्री तो आमच्याआधी झोपला.

सकाळी चौघे पितळखोऱ्याला गेलो. पायऱ्या उतरून ओढ्याकाठच्या लेण्यांत जावे लागते. ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पावसाळ्यात बौद्ध भिक्खूंनी फिरणे थांबवून एका जागी राहण्याचा नेम असे, त्यासाठी असे विहार कोरले. लेण्यांत देणगीदारांची नावे आहेत. त्यांत पैठणचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, एक राजवैद्यही आहे. पैठण म्हणजे गोदाकाठ, इथून बरेच लांब. तरी या आडबाजूच्या खोऱ्यासाठी तिथल्या माणसाने हात सैल केला. आमचा शेतकरी मित्र ती नावे बराच वेळ पाहत होता. परतताना जीपमध्ये त्यानेच पहिली थट्टा केली.

आपल्याला जायचे असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. पितळखोरे गौताळा-औट्रम घाट अभयारण्याच्या भागात आहे. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे मुक्काम करू नये, विस्तव पेटवू नये. कोणाच्या शेतातला मुक्काम केव्हाही बरा. पिण्याचे पाणी बरोबर घ्या.

आणि वाचकहो, आपलाही एखादा मित्र लग्नाकार्याला यायचा बंद झाला असेल. त्याच्या "बघू"वर थांबू नका. रब्बीची पेरणी उरकली की दोघातिघांना घेऊन त्याच्या बांधावर जा, आणि रात्रीचा मुक्काम करूनच या.