उदरातील पाठशाळा

पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवून आम्ही निवृत्त झालो. परंतु शिकविण्याची खोड काही गेली नाही. घरात कोणाचे दुखले-खुपले तर औषधही आम्हीच सांगावे, असा आमचा परिपाठ होता. गेल्या श्रावणात तो आमच्या अंगाशी आला. त्याची हकीकत येथे नमूद करीत आहो. कारण आमच्यासारखे एखादे वडीलधारे माणूस बहुधा प्रत्येक घरी असतेच.

आमच्या पाच वर्षांच्या नातवास पडसे होऊन थोडा ताप आला. चिरंजीव व सूनबाई कामावर गेलेली. आमच्या दाढेसाठी पूर्वी आणलेल्या अँटिबायोटिकच्या काही गोळ्या कपाटात शिल्लक होत्या. जंतू मेले की ताप गेला, या हिशेबाने आम्ही अर्धी-अर्धी गोळी मधातून दोन दिवस चाटविली. "डॉक्टरांस विचारा तरी," असे सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांस आम्ही गप्प बसविले. पडसे होते तेथेच राहिले, आणि तिसऱ्या दिवशी मुलाचे पोट असे सुटले की संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे खोल गेले. डॉक्टरांनी गोळ्या बंद करविल्या, मीठ-साखरेचे पाणी सुरू केले, आणि चार दिवसांनी मूल खेळू लागले. त्या चार रात्री आमच्या डोळ्यास डोळा लागला नाही.

सूनबाई सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या. त्या रागावत्या तर बरे वाटले असते. त्या इतकेच म्हणाल्या, "बाबा, पडसे विषाणूंचे, त्यांवर ही गोळी चालत नाही. चोर घरातच राहिला आणि गुरुजींना मात्र तुम्ही बाहेर काढलेत."

हे गुरुजी कोण, ते त्यांनी आम्हास सावकाश समजाविले. २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे सामान्य मनुष्याच्या देही सुमारे ३८ लक्ष कोटी जिवाणू नांदतात. त्यांचे वजन मात्र अवघे २०० ग्रॅम. बहुतेकांचे बिऱ्हाड मोठ्या आतड्यात. दुसरीकडे, शरीराच्या रक्षक पेशीही आतड्याच्या भिंतीत मोठ्या संख्येने असतात. लहान आतड्यातील अशा पेशींचे पुंजके पायर नामक स्विस वैद्याने १६७७ साली वर्णिले होते. या दोहोंचा संबंध गुरुशिष्यांचा आहे. प्रयोगशाळेत उंदीर जन्मापासून पूर्णपणे निर्जंतुक ठेविले, तर त्यांच्या आतड्यातील हे पुंजके खुरटलेले राहतात व तेथील प्रतिपिंडेही तुटपुंजी असतात. गुरूच नाही, तेथे शिष्य घडणार कसा?

आम्हास हे व्याकरणाच्या वाटेने अधिक उमगले. परके दिसेल त्यावर हल्ला करावा, हा रक्षक पेशींचा उत्सर्ग. परंतु आपण खातो ते अन्न आणि पोटात नांदणारे जिवाणू हेही परकेच! त्यांस वगळणारा अपवाद शिकावा लागतो, आणि अपवाद हा उत्सर्गाहून बलवान. तो नीट साधला नाही, म्हणजे आतड्याचे काही दीर्घकालीन दाहविकार उद्भवू शकतात. तेथे पहारेकरीच घराची नासधूस करू लागतो.

हा पाठ चालतो तरी कसा? धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांचा चोथा यांतील जो भाग आपणांस पचत नाही, तो जिवाणू आंबवितात व त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार होते. या आम्लामुळे रक्षकांस आवरणाऱ्या नियामक पेशी वाढतात, असे २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. मातेच्या दुधातही अशा शर्करा असतात की ज्या बालकास पचत नाहीत; त्या त्याच्या पोटातील जिवाणूंसाठी असतात. पहिल्या दिवसापासून माता मुलासवे त्याच्या गुरूंसही जेवू घालते, हे ऐकून आम्ही स्तब्ध झालो.

जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचे कार्य ज्यांनी प्रथम ओळखले, त्या मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आंबविलेल्या दुधाचे त्यांनी मोठे गुण गाइले; तथापि मोठ्या आतड्यातील जिवाणूंस ते बहुतांशी विषकारी शत्रूच समजत. एवढ्या थोर पुरुषाच्याही दृष्टीतून हा अपवाद निसटला. परंतु त्यामुळे आमचा अपराध हलका होत नाही. ते शोध घेत होते. आम्हास एका शब्दाने विचारता आले असते, आणि विचारा असे सांगणारे माणूस घरातच होते.

अँटिबायोटिकची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. त्या औषधाने असंख्य प्राण वाचविले आहेत, व डॉक्टरांनी सांगितले असता ते सांगितल्याप्रमाणेच घ्यावे. परंतु पूर्वीच्या दुखण्यातील उरलीसुरली गोळी, तीही मोठ्यांची, मुलाच्या मुखी घालणे हे वात्सल्य नव्हे. तो अहंकार आहे.

औषधांच्या कपाटाची किल्ली हल्ली सूनबाईंपाशी असते. ती परत मागण्याचा आमचा विचार नाही.