किनाऱ्याचे दफ्तर : धामापूर–मालवण

सोमवार, धामापूर

विजयनगरच्या अमलात मांडलिक नागेश देसाई यांनी 1530 साली बांधविला असे परंपरा सांगते, त्या तलावाच्या काठी भगवतीच्या देवळालगत बसून जांभ्याचा नुकता फुटलेला एक तुकडा मी निरखीत होतो. मधाच्या पोळ्यासारख्या त्याच्या पोकळ्यांत जिवाची म्हणून एकही खूण नव्हती. पर्जन्याने दीर्घकाळ धुऊन चुना व सिलिका नेली, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे मागे उरले. अशा भूमीत अस्थींनी तग धरावा कसा? जवळपास आढळणारा कलादगी गटाचा वालुकाश्म तर इतका प्राचीन, की त्या काळी पाठीचा कणा असलेला प्राणीच पृथ्वीवर नव्हता. इंग्लंडातील लाइम रीजिसच्या कड्यांतून 1823 साली प्लेसिओसॉरस या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा काढणाऱ्या मेरी ॲनिंगचे चरित्र वाचून जो हातोडी घेऊन येथे उतरेल, त्याच्या पदरी निराशाच यावयाची.

मंगळवार, मालवण

ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर सुटा पडलेला एक दगड सापडला. वाळूचे कण, शिंपल्यांच्या चकत्या आणि शंखाचा एक तुटका वळसा, सारे पांढऱ्या चुन्याने घट्ट सांधलेले. नखाने कण सुटेना. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कवचांचा चुना विरघळून पुन्हा साकळतो आणि वाळूचा दगड होतो. असा थर आजच्या भरतीरेषेहून उंच आढळला, तर समुद्र तेव्हा वर होता किंवा जमीन पुढे उचलली गेली, यांपैकी एक कैफियत मान्य करणे भाग पडते.

कोकणपट्टीचा हा कागद वाचण्यास पुढे सरसावल्या त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील स्टॅटिरा गुझदर. धर्मपाल अग्रवाल यांच्याबरोबर त्यांनी पश्चिम किनाऱ्याच्या चतुर्थक कालखंडाचा विचार केला, आणि कोकणातील तत्कालीन पर्यावरण व पाषाणयुगीन संस्कृती यांवरील त्यांचा ग्रंथ 1980 साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. महाकाय सरडे नाहीत म्हणून किनारा मुका ठरत नाही, हे त्यांच्या कामावरून पटते. माणसाने घडविलेले दगड आणि सागराची चढउतार त्यांनी एकाच प्रश्नाच्या दोन बाजू मानल्या. ॲनिंगच्या कीर्तीचा शतांशही त्यांच्या वाट्यास आला नाही, हा आपल्या वाचकवर्गाचा आळस होय, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

होडीवाले काका माझा खटाटोप पाहत होते. “काय गावतला तुमका ह्या दगडात?” त्यांनी विचारले. शंखाचा वळसा दाखविताच म्हणाले, “ह्यो तर आमच्या जेवणातलो!” शास्त्रीय नाव मी त्यांस सांगितले नाही, त्यांची ओळख माझ्याहून जुनी होती.

बुधवार, मालवण

वारा फार. पाण्याने दगड झाकले ते झाकलेच. दुपारभर टिपणे उतरून काढली. उद्या ओहोटीची वेळ साधून देवबागच्या टोकाकडे जाण्याचा बेत आहे. तेथे कर्ली नदी समुद्रास मिळते, आणि वाळू इतकी चंचल आहे की तिला दगड होण्याइतकी सवड मिळत असेल असे वाटत नाही.

(क्रमशः)