भाकरीच की ही

परीक्षक बाईंनी तुकडा मोडला होता, टोमॅटोच्या चटणीत बुडवलाही होता. तेवढ्यात पदार्थासमोर ठेवलेल्या साहित्याच्या चिठ्ठीवर त्यांची नजर गेली आणि हात थांबला. “चुना? खायच्या पदार्थात चुना?” तुकडा त्यांनी ताटलीच्या कडेला ठेवला, बोटं रुमालाला पुसली. “आणि तसंही ही भाकरीच की. हा परदेशी पदार्थांचा गट आहे.” एवढं बोलून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

दोन वर्षं होत आली. कडेला ठेवलेला तो तुकडा मला अजून दिसतो.

माझ्या शेजारी आत्या उभ्या होत्या. सासूबाईंना आमच्या घरात सगळे आत्याच म्हणतात. वय सत्तरच्या पुढे. पहाटे साडेतीनला उठून त्यांनी पाट्यावर मका वाटला होता. मी मिक्सरला लावते म्हटलं, तर “मिक्सरात त्यो गरम हुतोय” म्हणून त्यांनी मला हात लावू दिला नाही. मग डबे, तवा, शेगडी घेऊन आम्ही मलकापुरातून एसटीनं स्पर्धेसाठी कोल्हापूर गाठलं. हे सगळं त्या एका तुकड्यासाठी, आणि तो तोंडापर्यंतसुद्धा गेला नाही.

हे खूळ सुरू झालं 2020च्या टाळेबंदीत. शाळा बंद, बाहेर आमचा शाहूवाडीचा पाऊस, दोन्ही पोरं घरात. धाकट्याच्या शाळेचा नकाशासंग्रह उघडायचा, बोट पडेल तो देश, आणि रविवारी तिथलं जेवण करायचं. अट एकच, सामान मलकापूर-बांबवड्यात मिळायला हवं. इटलीसाठी हातानं शेवया वळल्या. जपानसाठी आमच्याच रानातल्या चिकट तांदळाचे गोळे केले. थोरली सगळं वहीत लिहायची. टाळेबंदी उठल्यावर वर्षातून एखादा प्रवास ठरला, तोही नकाशातलं जेवण जवळात जवळ कुठे भेटेल ते बघून. गोव्याला गेलो, म्हापशाच्या बाजारात पोई, म्हणजे तिथला पाव, खाल्ली. पाव, बटाटा, काजू, अननस हे आपले रोजचे शब्द पोर्तुगीजांकडून आले हे पोरांना तिथंच कळलं. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली, तिचं मूळ अमेरिका खंडातलं. कांदा-लसूण मसाल्याचा डबा समोर धरून हे सांगितलं तर आत्यांचा विश्वास बसेना. “मग त्याच्या आदी आमची माणसं काय खात हुती?” मिरी, म्हटलं. त्या बराच वेळ गप्प होत्या.

मेक्सिकोवर बोट पडलं तेव्हा मी मक्याचं पीठ आणलं आणि गोल लाटायला घेतलं. पीठ जुळेना. कडा फाटायच्या, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे व्हायचे. थोरलीनं शोधून वाचून दाखवलं की तिकडे कोरडा मका दळतच नाहीत. आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर ठेवतात, सालं चोळून काढतात, धुतात आणि ओलाच वाटतात. ही रीत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. चुन्यामुळे साल सुटतं, पीठ एकजीव होतं आणि मक्यात बांधलेलं एक जीवनसत्त्व, नायसिन, अंगी लागण्याजोगं मोकळं होतं. मका जहाजांतून युरोपात पोचला, ही रीत मात्र मागेच राहिली. इटलीत, स्पेनमध्ये, पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलायची, भ्रम व्हायचा, माणसं मरायची. धान्य नेलं आणि ते शिजवणाऱ्या बायांना विचारलं नाही, एवढाच नेणाऱ्यांचा अपराध. मी हे कुणालाही सांगते तेव्हा माझा आवाज चढतो.

आत्यांनी सगळं ऐकलं आणि पानाच्या डब्यातली चुन्याची डबी पुढे केली. “ह्योच की.” त्यांचा हात त्यात बसायला चार रविवार गेले. कुणाला करायचं असेल तर सांगते: एक किलो वाळलेल्या पांढऱ्या मक्याला दोन चमचे पुरतो, पानाचाच घ्यायचा, रंगाऱ्याचा नव्हे. आधी पाण्यात कालवायचा, डोळ्यात उडू द्यायचा नाही. ॲल्युमिनियमचं भांडं नको, चुन्यानं खराब होतं. अर्धा-पाऊण तास मंद उकळायचं, मग गॅस बंद करून झाकून ठेवायचं. सकाळी तीन-चार पाण्यांनी धुतलं की चुन्याची चव राहत नाही, पावसाच्या पहिल्या सरीनंतर भिंतीला येतो तसा किंचित वास तेवढा राहतो. तिकडच्या बायकांकडेही दगडी पाटा असतो, मेताते म्हणतात, फक्त त्याला तीन पाय. फोटो बघून आत्या म्हणाल्या, “पाय कशापायी? हालंल की.” पण त्या फोटोकडे त्या फार वेळ बघत होत्या. गुडघ्यांवर बसून, अंगाचा भार देऊन वाटणारी ती बाई त्यांच्यासारखीच बसली होती.

म्हणून ते ‘भाकरीच की’ मला लागलं. बाईंनी विचारलं असतं तर मी हे सगळं सांगितलं असतं. मी आयोजकांकडे गेले. चुना आपण पानात रोज खातो, म्हटलं. “ते वेगळं.” वेगळं कसं? “परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो, ताई.” पहिलं बक्षीस पास्त्याला मिळालं. पांढरा सॉस पाकिटातला होता, ते पाकीट टेबलाखालच्या पिशवीतून डोकावत होतं. ती मुलगी गोड होती, तिच्यावर राग नाही. पण पाकिटातलं ते परदेशी आणि सत्तरीतल्या हातांनी पाट्यावर वाटलेलं ते गावठी, हे कुणी ठरवलं? चीज घातलं की परदेशी, न घातलं की भाकरी? स्पर्धा भरवणाऱ्यांनी निदान परीक्षकांना आधी वाचायला लावावं. चाखल्याशिवाय गुण देऊ नयेत, एवढा तरी नियम करावा.

परतीच्या एसटीत मी हे सगळं आत्यांना ऐकवत होते. बांबवडं मागे गेलं तशा त्या म्हणाल्या, “आगं पर भाकरीच हाय की ती. त्यात काय खोटं बोलली बाई?”

मला त्यांचाही राग आला.

त्या सगळ्यालाच असं म्हणतात. कर्नाटकात मुंडगोडला 1966 साली वसलेली तिबेटी वसाहत आहे. एका प्रवासात तिथल्या एका छोट्या खानावळीत थेंथुक मागवलं होतं. कणकेच्या पट्टीचे हातानं तुकडे तोडून रश्श्यात सोडतात. आत्यांनी वाडग्यात बघितलं, “चकुल्याच की,” म्हणाल्या आणि दोन वाडगी संपवली. वाढणारी म्हातारी हसली, ना यांना तिची भाषा येत होती, ना तिला मराठी, तरी दोघी किती तरी वेळ हातांनी बोलत बसल्या. आणि मी? मला ते फिकं लागलं. पर्समधून मसाल्याची पुडी काढून मी वाडग्यात रिकामी केली. त्या म्हातारीनं ते बघितलं. ती काही बोलली नाही, फक्त हसायची थांबली. चाखून दोन घास तरी थांबायला हवं होतं, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. स्पर्धेनंतर मात्र ते वाडगं आठवू लागलं, आणि त्यामुळे त्या बाईंवरचा राग कमी झाला म्हणावं तर तसंही नाही.

गेल्या महिन्यात धाकट्याचं बोट इथिओपियावर पडलं. तिथलं इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याचं असतं. टेफ इथे कुठे मिळायचं, म्हणून नाचणी घेतली. नाचणीचं मूळही तिकडच्याच, पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलं. आमच्या डोंगरउतारावरची, देवाला चालणारी, बाळंतिणीला देतात ती नाचणी. पीठ तीन दिवस आंबवलं, बिडाच्या तव्यावर ओतलं, जाळी सुटली. आत्या काय म्हणाल्या ते सांगायला नको. “आंबुळीच की.” पोरं हसली. मीही या वेळी हसले.

त्याच स्पर्धेचा अर्ज परवा पुन्हा आलाय. त्या दारात पाय ठेवणार नाही असं मी तेव्हा म्हटलं होतं, आणि आता दोन दिवस तो अर्ज उशाशी घेऊन झोपतेय. काल ठरवलं की जायचं झालं तर साहित्यात चुना लिहायचाच नाही, गुपचूप घालायचा. आत्या मका निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “लिव. पयल्यांदा त्येच लिव.”

अर्ज अजून कोराच आहे. मका मात्र त्यांनी आज भिजत घातलाय.