कतारमधला उलटा हिशेब

सफरचंदाच्या बागेत भक्षक कोळ्याचं वर्ष थंडीभोवती फिरतं. त्याच्या माद्या हिवाळाभर सालीच्या भेगांत दडून राहतात आणि पालवी फुटली की पानांवर चढून लाल कोळ्यांचा फडशा पाडायला लागतात. हे पुस्तकी वेळापत्रक डोक्यात घेऊनच मी कतारमधल्या अल खोरजवळच्या पॉलिहाऊसमध्ये काकडी बघायला लागलो. तिथे भक्षक कोळ्याचा जीव थंडीने जात नाही, उन्हाळ्याने जातो.

2017च्या नाकेबंदीनंतर कतारने भाजीपाला देशातच पिकवायचं मनावर घेतलं, तेव्हा मी नाशिकच्या द्राक्षबागा सोडून तिकडे गेलो. लाल कोळी माझ्या ओळखीचाच. थंडीत तो फारसा दिसेना, म्हणून भक्षक कोळी मागवायचं मी पुढे ढकलत राहिलो. पानांवर पिवळे ठिपके आणि जाळी दिसली तेव्हा एप्रिल उजाडला होता. मग घाईघाईने 'फायटोसियुलस पर्सिमिलिस' आणला. हा भलताच खादाड, पण लाल कोळ्याशिवाय दुसरं काही खात नाही. पारा तिशीच्या वर गेला आणि हवा कोरडी पडली की त्याची अंडी सुकतात. त्याच उन्हात लाल कोळ्याची नवी पिढी आठवडाभरात तयार होते. भर मे महिन्यात विहीर आटल्यावर उसाची लागण करावी, तसला माझा शहाणपणा.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. त्याआधी पांढरी माशी दिसली म्हणून मी सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारलं होतं. त्याचा अंश पानांवर कित्येक आठवडे टिकतो आणि लाल कोळ्यापेक्षा त्याला खाणाऱ्याच्याच जिवावर जास्त उठतो. इजिप्शियन मुकादमाने मोडक्या हिंदीत विचारलं, "मुहंदिस, डबे खोलण्याआधी फवारणीची वही पाहिली का?" पाहिली नव्हती. भक्षक कोळ्यांचे महागामोलाचे डबे मी विषावर ओतले होते. त्यात मजूर खालची पानं तोडून बाहेर फेकत होते. जे काही भक्षक वाचले असतील, तेही त्या पानांबरोबर उकिरड्यावर.

पुढच्या हंगामात पहिला ठिपका दिसताच, डिसेंबरातच, भक्षक कोळी सोडले. ऊन वाढल्यावर 'कॅलिफोर्निकस' आणला. तो उष्णता आणि उपासमार दोन्ही जास्त सोसतो. पांढऱ्या माशीचं काम 'स्विर्स्की' या आणखी एका भक्षक कोळ्याकडे दिलं, म्हणजे फवारणीचा मोहच नको. तरी उन्हाळ्यात पॉलिहाऊस रिकामं केलं की सगळे मरतात, आणि लागवडीनंतर पुन्हा नवे डबे घ्यावे लागतात.

महाराष्ट्रात पॉलिहाऊसमध्ये हा प्रयोग करणार असाल, तर डबे मागवण्याआधी गेल्या दोन-तीन महिन्यांची फवारणीची वही वाचा. तीत पायरेथ्रॉइड असेल, तर थांबा.