आपाची कोरड

आमच्या आपाला भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळता येत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तेव्हा नात्यात कुजबुज झाली, रोजे चुकवायचा बहाणा असेल!

स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. शरीराची संरक्षक यंत्रणाच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. रक्तातली अँटी-आरओ प्रतिपिंडं ही आजाराची खूण आहे, पण त्यावरून कोरड मोजता येत नाही. कुणाच्या रक्तात ती भरपूर असतात आणि त्रास थोडा. कुणाच्या रक्तात मुळीच नसतात, तरी जीभ टाळूला चिकटते. आपाच्या पापणीत ठेवलेली कागदी पट्टी पाच मिनिटांत ५ मिलिमीटरही भिजली नाही. ओठाच्या आतला तुकडा तपासल्यावर निदान पक्कं झालं.

ही प्रतिपिंडं असलेल्या गरोदर बाईने मात्र, त्रास नसला तरी, डॉक्टरांना सांगावंच. अशा शंभरांत एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात.

आजाऱ्याला रोज्याची सवलत अल्लाहने दिली आहे. मग आपण घरच्यांनी रिपोर्टचा दाखला का मागावा?